चांगुणेच्या देव्हाऱ्यातला माझा रिपोर्ट

माझ्या छातीत गाठ झाली होती. ती काढली. साधी निघाली. आज मी ठणठणीत आहे, भाकऱ्या थापते, लग्नांत गाते, लिफ्ट बंद असली तर तीन मजले चढून घरी येते.

एवढ्यावर थांबले असते तर हे लिखाण आनंदाचं झालं असतं. दोन वर्षं मी एवढंच सांगत होते. भाजीवालीला सांगितलं, बँकेत रांगेत उभ्या असलेल्या बाईला सांगितलं, रिक्षात शेजारी बसलेल्या अनोळखी पोरीलासुद्धा. चांगली बातमी पोटात ठेवायचा माझा स्वभाव नाही. पण त्या सांगण्यानेच माझी जोडीदारीण गेली, असं मला वाटतं. डॉक्टरीणबाई म्हणतात, तसं म्हणू नका. माझी सून म्हणते, तसं म्हणू नका. त्या दोघी चांगल्या आहेत म्हणून म्हणतात. मला जे माहीत आहे ते मी लिहिते, तुम्ही वाचून ठरवा.

आम्ही दोघी

मी येसू, विचुंब्याची. शाळा चौथीपर्यंत. पुढचं लिहिणं-वाचणं धवल्यांच्या वहीने शिकवलं. आमच्या आगरी लग्नात धवले म्हणायची रीत आहे. मांडव उभा राहिल्यापासून हळद उतरेपर्यंत प्रत्येक कामाचं एकेक गाणं, तो धवला, आणि म्हणणारी ती धवलारीण. भटजी उशिरा आले तरी चालतं, धवलारीण उशिरा आली तर नवऱ्याची आई रस्त्यावर येऊन उभी राहते.

धवला एकटीचा नसतो. एकीने ओळ टाकायची, दुसरीने उचलायची. दुसरी उचलते तेवढ्यात पहिलीला श्वास मिळतो. माझी ओळ उचलायची गव्हाणची चांगुणा. तीस वर्षं उचलली तिने. माझा आवाज मोठा, तिचा गोड. मी बोलघेवडी, ती ऐकणारी. मला वाचता येतं, तिला येत नव्हतं, पण मी वहीत बघून चुकायचे आणि ती न बघता बरोबर असायची. लोक आम्हाला बैलजोडी म्हणायचे. चांगुणा म्हणायची, "बैल बरं, त्यांना बसून खायला तरी देतान."

आणखी एक रीत आहे, ती आत्ताच सांगून ठेवते, पुढे लागेल. धवला एकदा धरला की अर्ध्यावर टाकून धवलारीण उठत नाही. माझा नवरा गेला तेव्हा मी एका मांडवात होते. निरोप आला, तरी ओळी पुऱ्या करून उठले. माझ्या सासूने शिकवलं होतं तसं.

ब्लाउजाचं माप

मला गाठ आधी समजली नाही. आमचे ब्लाउज शिवते त्या बाईला समजली. लगीनसराईसाठी दोन ब्लाउज टाकले होते. घालून बघितले तर डावी बाजू बसेना. मी तिला म्हटलं, कापड चोरलंस. तिने टेप घेऊन परत माप काढलं, मग हळूच म्हणाली, मावशी, माप माझं चुकलं नाही, एकाच बाजूला वाढलंय.

घरी येऊन हात लावला. लिंबाएवढं काहीतरी. दुखत नव्हतं. बोटाने ढकललं तर पाण्यात मासोळी सरकावी तसं सरकायचं. मी पदर ओढला आणि गप्प बसले. हो, मीच, जी भाजीवालीशी तासभर बोलते. लग्नांचा शब्द दिलेला होता. शिवाय छातीचं दुखणं मुलाला कसं सांगणार? संतोष माझा एकुलता. त्याला मी कधी ताप आला तरी सांगत नव्हते.

दीड महिन्यात लिंबाचं मोसंबं झालं आणि मोसंब्याचा नारळ व्हायला निघाला. वरची कातडी ताणून चकचकीत झाली, निळ्या शिरा दिसायला लागल्या. शेवटी माझी सून नीता एकदा पाठ चोळून द्यायला न्हाणीत आली आणि तिने बघितलं. ओरडली नाही. पाठ पूर्ण चोळली, अंगावर पाणी ओतलं, टॉवेल दिला. मग म्हणाली, "आई, साडी नेसा. आपण आत्ता निघतोय."

सुई

पनवेलमधल्या एका दवाखान्यात आम्ही दुपारपर्यंत बसलो. आधी सोनोग्राफी, मग मशीनच्या दोन पाट्यांमध्ये दाबून फोटो. तिथल्या मुलीने श्वास रोखा म्हटलं, मी म्हटलं बाई, धवलारणीला श्वास रोखायला सांगतेस? ती हसली. मी पण हसले, आणि हसता हसता रडू आलं. तिने मशीन थांबवून माझ्या खांद्यावर हात ठेवला, घाई केली नाही. त्या दिवसातली एवढीच एक गोष्ट मला आठवायला आवडते.

मग जाड सुई घालून गाठीचा तुकडा काढला. टक् असा आवाज होतो, दुखण्यापेक्षा तो आवाज भीती घालतो. ज्यांना पुढे ही तपासणी करायची आहे त्यांना सांगते, तो आवाज मशीनचा असतो, तुमच्या आत काही तुटत नाही.

सुईचा रिपोर्ट आला तरी कोडं सुटलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ही नेहमीची गाठ दिसत नाही, फार कमी बायकांना होते तशातली वाटते, फायलोडीज म्हणतात. ती साधीही असते, वाईटही असते, आणि मधलीही. एवढ्याशा तुकड्यावरून सांगता येत नाही, पूर्ण काढून तपासली की कळेल.

संतोष बाहेर उभा होता. नीताने त्याला सांगितलं. तो आत आला, माझ्याकडे न बघता पिशवी उचलली आणि म्हणाला, रिक्षा बघतो. आमच्याकडे स्वतःची गाडी आहे, खाली उभी होती. तो विसरला.

वही

ऑपरेशनची तारीख मिळेपर्यंतचे दिवस घरात कुणी मोठ्याने बोललं नाही. संतोष आणि नीता स्वयंपाकघरात कुजबुजायचे, मी आले की भाजीबद्दल बोलायला लागायचे. एकदा त्यांचं भांडण झालं. तो म्हणत होता, तुला इतके दिवस दिसलं कसं नाही. ती म्हणाली, तुमच्या आईने दाखवलं तर दिसेल ना. दोघांचंही खरं होतं. मी आतल्या खोलीत बसून कपाटातल्या साड्यांच्या घड्या परत परत घालत होते.

चांगुणा आली तेव्हा मी तिच्या हातात धवल्यांची वही दिली. म्हटलं, ठेव, मी काही परत येत नाही. तिने वही उलटीसुलटी करून बघितली.

"मना वाचता कुटं येतं? मी काय इच्यावर पापड वालवाला घालू?"

आणि वही माझ्याच उशीखाली सारून ती भाकऱ्या करायला उठली.

ऑपरेशन झालं. गाठ आणि तिच्या भोवतीचं थोडं चांगलं मांसही काढतात, नाहीतर ही जात परत उगवते, असं आधीच सांगितलं होतं. शुद्धीवर आले तेव्हा छातीवर पट्टी, कुशीतून नळी, आणि पायाशी चांगुणा, मांडीवर डबा घेऊन. पाच दिवस ती गव्हाणवरून दोन रिक्षा बदलून तांदळाची पेज आणि सुकटीची चटणी घेऊन यायची. सुकट हॉस्पिटलात चालत नाही. तिने नर्सला सांगितलं की हे औषध आहे, नर्सने वास घेतला आणि म्हणाली, औषध मलाही थोडं द्या.

पट्टी बदलताना मी बघायचे नाही. चांगुणेने बघितलं. म्हणाली, थोडा खड्डा पडलाय, बाकी हाय तशी हायस.

अळूवडी

रिपोर्टच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढलं. माझी गाठ कापून दुर्बिणीखाली ठेवली तर आत पानांसारखे थर दिसतात म्हणाल्या. मी बघितलं आणि म्हटलं, ही तर अळूवडी. उंडा वाफवून कापला की कडेला दिसतात तशी पानं. त्या खूप हसल्या. म्हणाल्या, आता मी सगळ्यांना असंच समजावणार.

आणि म्हणाल्या, साधी आहे. कॅन्सर नाही.

संतोष त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याकडे बघून रडला. नीताने त्याला रुमाल दिला आणि मलाही. मग डॉक्टरीणबाई पुढचं सांगत राहिल्या, की साधी असली तरी परत येऊ शकते, दर सहा महिन्यांनी दाखवायला यायचं, तारखा रिपोर्टवर लिहून देते. ते नीताने ऐकलं असेल. मी "साधी आहे" च्या पुढे काही ऐकलं नाही.

एकदा गेले तपासणीला. दुसऱ्यांदा लग्न होतं. तिसऱ्यांदा आठवण राहिली नाही, नीताने विचारलं तर जाऊन आले म्हणून थाप मारली.

मी केलेलं गाणं

त्या साली करंजाकडच्या एका लग्नात आम्ही पुन्हा जोडीने गेलो. हळदीच्या दिवशी धवले संपले की बायका मस्करीची गाणी म्हणतात, त्याला रीत नाही, जी जोडेल ती म्हणेल. मी दोन ओळी जोडल्या होत्या.

पान पान गुंडाललं, डाक्तरनीनं उलगडलं,
आत काय गो गावलं, काय नाय गावलं!

चांगुणेने "काय नाय गावलं" उचललं, मग सगळ्या मांडवाने. बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. हळदीने हात पिवळे, आणि मी मधोमध, जणू जग जिंकून आलेली. त्यानंतर प्रत्येक लग्नात फर्माईश व्हायची, येसूबाय, तुमची गाठ म्हणा. मी म्हणायचे.

डॉक्टरीणबाईंनी माझी गाठ तपासली होती. मी ते गाणं करून मांडवातल्या सगळ्यांच्या छातीवर हात फिरवला, काय नाय, काय नाय म्हणत. हे मला आज कळतं.

मांडवाच्या मागे

पुढच्या लगीनसराईची गोष्ट. मांडवाच्या मागे भांडी घासायची जागा असते तिथे चांगुणेने मला नेलं. माझा हात धरून ब्लाउजवरूनच आपल्या छातीवर ठेवला, उजवीकडे, काखेच्या जरा अलीकडे.

"येसू, मना बी हाय गो."

वालाच्या दाण्याएवढी. घट्ट, सुकलेल्या वालासारखी. मी बोटाने ढकलून बघितली. माझी सरकायची. ही जागची हलली नाही. हे माझ्या बोटांना कळलं होतं. बोटांना कळलेलं डोक्यापर्यंत मी जाऊ दिलं नाही, कारण पुढच्या धवल्याची वेळ झाली होती आणि आतून हाका येत होत्या.

"दुकतंय?" मी विचारलं.

"नाय."

"मंग? माजी बी नव्हती दुकत. माजी नारलाएवडी व्हती, तरी काय नाय निंगालं. तुजी तर वालाएवडी हाय."

"दाकवू का पन?"

"लगीनसराई सरू दे. मंग जाऊ दोगी."

हे सगळं बोलणं मी जसंच्या तसं लिहिलं आहे. एक शब्द पदरचा घातलेला नाही. घालता आला असता तर वेगळाच घातला असता.

तिला बरं वाटलं. तोंडावर दिसत होतं. जाता जाता म्हणाली, "तुजा तो कागद मना दे ना. जवल आसला म्हंजे धीर वाटंल." मला त्याचंही कौतुक वाटलं. दुसऱ्याच दिवशी नीताला सांगून रिपोर्टची झेरॉक्स काढून आणली. चांगुणेला कशाला पाहिजे असं नीताने विचारलं, मी म्हटलं, बघायला. नीताला मी गाठीचं सांगितलं नाही. चांगुणेने शपथ घातली होती. तिची मुलगी मनीषा नुकती बाळंत झाली होती, तिच्यापर्यंत गेलं तर तिचं दूध आटेल म्हणाली.

लगीनसराई सरली. आम्ही दोघी गेलो नाही. मी एकदा विचारलं, आहे तेवढीच आहे ना? ती म्हणाली, हाय तेवडीच. मग तिनेही काढलं नाही, मीही नाही. मी, जी रिक्षातल्या अनोळखी पोरीला माझी गाठ ऐकवत होते.

"कोन सांगनार, बाय"

दुसरी दिवाळी झाली त्यानंतर. चांगुणा हात वर करून धुणं वाळत घालत होती, तेव्हा मनीषाला आईच्या छातीवर खळी पडलेली दिसली. काखेत आणखी गाठी होत्या. मनीषाने मला फोन केला, मावशी, तुम्ही बरोबर चला, आई तुमचं ऐकते.

ऐकते. तो शब्द घेऊन मी त्या रिक्षात बसले.

त्याच डॉक्टरीणबाई. तपासता तपासता त्यांनी हात थांबवला, ते मी बघितलं. चेहरा बदलला नाही, फक्त हात थांबला. तपासण्या झाल्या, चार दिवसांनी रिपोर्ट आला, आणि मग त्यांनी चांगुणेला समोर बसवून विचारलं, "मावशी, इतके दिवस का थांबलात? कुणी सांगितलं नाही का, दाखवून या म्हणून?"

मी तिच्या शेजारीच माझी पिशवी धरून बसले होते. तिने माझ्याकडे बघितलं नाही. एकदाही नाही.

"कोन सांगनार, बाय? मी कुनाला बोललीच नाय."

मला तोंड उघडायचं होतं. तीस वर्षांत पहिल्यांदा तिने ओळ टाकली होती आणि उचलायची माझी पाळी होती. मी गप्प बसले. मनीषा समोर होती. बाळ तिच्या मांडीवर होतं.

पेज

आजाराचं सगळं सांगत नाही. मोठ्या हॉस्पिटलात नेलं, सलाइनमधून औषधं दिली, केस गेले. आता पेजेचा डबा घेऊन जायची पाळी माझी होती. सुकटीची चटणी मी पण नेली, पण तिला वास सहन व्हायचा नाही, म्हणून बाहेर बाकावर बसून मीच खायचे आणि तिला आत जाऊन सांगायचे, तुझ्या हातची चव नाही. ती म्हणायची, मंग मर उपाशी.

एक बाई तिच्या शेजारच्या खाटेवर होती, उरणची. नमाज पढून झाला की ती आपल्या मुलीसाठी दुआ मागायची आणि मग चांगुणेकडे बोट दाखवून म्हणायची, इसके वास्ते भी. तिचं नावही मला आठवत नाही. अशी माणसं असतात.

डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं तेव्हा आम्हाला कळलं. तिलाही कळलं. गव्हाणच्या घरी पडवीत खाट टाकली होती. पलीकडे पूर्वी भातशेती होती, आता भराव घातलेला आहे आणि इमारतींचे खांब. मी दुपारी जायचे, ती जागी असली तर बसायचे, झोपली असली तरी बसायचे.

एका दुपारी मनीषा बाळाला घेऊन आत होती. मी चांगुणेचे पाय चेपत होते. किती दिवस बोलायचं राहिलेलं बोलायला सुरुवात केली.

"चांगू, त्या दिवशी मांडवामागं मी तुला..."

"गप."

तिने श्वास गोळा केला.

"मना पाय नव्हतं का? तू बोललीस म्हनून मी बसली नाय. मी भ्यायली व्हती. मना बसायचंच व्हतं, तू पाट टाकलास."

मग थोड्या वेळाने, डोळे मिटूनच, "तुजी गाठ पन तुज्यावानी. येवडी मोटी, आनि आत काय नाय." आणि हसली. खरंच हसली.

ती खरं बोलली की माझ्यासाठी बोलली, मला माहीत नाही. काही दिवस मला वाटतं खरं होतं. बाकीचे दिवस वाटतं, शेवटच्या श्वासातसुद्धा ती माझी ओळ सावरत होती.

त्यानंतर नऊ दिवसांनी ती गेली.

देव्हाऱ्यातला कागद

तेरावं झाल्यावर मनीषा विचुंब्याला आली. मी चहा टाकला. ती खुर्चीत बसली आणि पर्समधून एक प्लास्टिकची पिशवी काढून टेबलावर ठेवली. आत माझ्या रिपोर्टची झेरॉक्स. चार घड्या घातलेली, कडांना हळदीकुंकू, एका कोपऱ्याला उदबत्तीने जळालेलं भोक. चांगुणेच्या देव्हाऱ्यात, कुलदेवीच्या टाकाखाली ठेवलेली होती. म्हणजे दीड-दोन वर्षं ती माझ्या रिपोर्टला रोज हळदकुंकू लावत होती. तिला वाचता येत नव्हतं. त्यावर कुणाचं नाव आहे याने तिला फरक पडत नव्हता. "काय नाय" असं ज्यावर लिहिलेलं आहे असा एक कागद जगात आहे, तो आपल्या घरात असावा, एवढंच.

मनीषाला वाचता येतं. नाव तिने वाचलं होतं, तारीखही. आईने माझा कागद का मागून घेतला असेल, म्हणजे मला तिच्या गाठीचं आधीच माहीत होतं, हा हिशेब तिला लागला असणार. मी वाट बघत होते की ती बोलेल. बोलली असती तर बरं झालं असतं. तिने चहा पूर्ण घेतला, कप विसळून ठेवला, चप्पल घातली. दारात थांबून म्हणाली,

"मावशी, त्यात तुमच्या तपासणीच्या तारखा लिहिल्यात. बऱ्याच उलटून गेल्यात. जाऊन या."

जिन्यावरून तिची पावलं खाली जाईपर्यंत मी उभी होते. मग खाली बसले.

दुसऱ्या दिवशी नीताला सगळं सांगितलं, थापेसकट. ती रागावली, मग रडली, मग फोन लावून नंबर घेतला. आता दर सहा महिन्यांनी जाते. डॉक्टरीणबाईंनाही सांगितलं, मांडवामागचं. त्यांनी मला सांगितलं की गाठ किती मोठी, दुखते की नाही, यावरून घरी बसून काही ठरत नाही, मोठीही साधी असू शकते आणि वालाएवढीही घात करू शकते. आणि म्हणाल्या, स्वतःला इतका दोष देऊ नका. मी मान हलवली. त्यांचं ऐकलं असं त्यांना वाटू दिलं.

अर्धा धवला

ते मस्करीचं गाणं मी बंद केलं. फर्माईश झाली तर सांगते, विसरले. धवले मात्र म्हणते. ओळ उचलायला आता नीता बसते, मोबाईलमध्ये बघून. सूर सापडेपर्यंत ओळ पुढे गेलेली असते. मध्ये एक रिकामी जागा पडते, तिथे मी श्वास घेते.

गेल्या मोसमात विचुंब्यातच एका हळदीला होतो. धवला धरलेला, नवरीला पाटावर बसवलेलं. नवरीची वहिनी तबक घेऊन माझ्याजवळ वाकली. तीस-बत्तीसची पोर. हळद माझ्या हातावर ठेवताना हळूच म्हणाली, "मावशी, तुमची गाठ कशी होती हो? हलायची का? मला पण आहे, पण दुखत नाही, म्हणजे तसलीच असेल ना?"

समोर पाट, पाटावर नवरी, नीताने ओळ उचललेली, पुढची टाकायची माझी पाळी. बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

मी उठले.

"माझी कशी होती ते सोड," मी तिला म्हटलं. "चप्पल घाल."

मागे मांडवातून एक म्हातारी म्हणाली, अपशकुन हाय गो, अर्ध्यावर उठली. बरोबर आहे तिचं. तीस वर्षं मीही हेच म्हटलं असतं. नीताने मोबाईल खाली ठेवला आणि एकटीने पुढची ओळ धरली, बेसूर, पण धरली. आम्ही दोघी हळदीच्या हाताने रिक्षात बसलो. रिक्षावाल्याने सीटकडे बघितलं आणि रिक्षा सुरू केली. पनवेलला पोचेपर्यंत ती मला चार वेळा विचारत होती, मावशी, तुम्हाला काय वाटतं? आणि मी, जन्मभर जिच्या तोंडाला कुलूप नव्हतं, चारही वेळा खिडकीबाहेर बघत राहिले.

तिच्या सगळ्या तपासण्या झाल्या. रिपोर्ट आला तेव्हाही मी तिच्याबरोबर होते. तिचं काय निघालं ते मला माहीत आहे. पण इथे लिहिणार नाही. लिहिलं तर तुम्ही आपल्या गाठीशी लावून बघाल.